'स्मृतिचित्रे' आणि एक प्रश्नावली : देवाशी जवळीक मोजायची कशी?



मागच्या महिन्यात ओळखीतली एक ज्युनिअर तिच्या सिनॉप्सिसचा कच्चा मसुदा घेऊन माझ्याकडे आली. समाजशास्त्रात एमए झालेली, पेट परीक्षा पास, आता आरएसीसमोर विषय मांडायचा होता. विषय होता सोलापुरातल्या ख्रिस्ती कुटुंबांचं रोजचं जगणं आणि देवाशी जवळीक. गाईडनी मसुदा वाचून एकच प्रश्न विचारला होता, "जवळीक मोजणार कशी?" म्हणून तिने घाईघाईने प्रश्नावली केली. आठवड्यातून किती वेळा उपासनेला जाता? दिवसातून किती मिनिटं प्रार्थना करता? बायबल किती वेळा उघडता? प्रत्येक उत्तराला एक ते पाच गुण आणि शेवटी बेरीज. बेरीज मोठी तो देवाच्या जवळ.

मी रसायनशास्त्रवाली. ती माझ्याकडे आली ती आकडेमोड तपासून घ्यायला. आकडेमोडीत काही चूक नव्हती. पण प्रश्नावली वाचताना मला माझी आजी आठवली आणि मी मनातल्या मनात तिच्या नावाने ती भरून पाहिली.

आजीचे गुडघे गेले होते, त्यामुळे शेवटची काही वर्षं चर्चला जाणं बंद. मोतीबिंदूमुळे वाचन बंद. प्रार्थना किती मिनिटं हे सांगता येणार नाही, कारण भाजी निवडता निवडता ती देवाशी बोलायची आणि मधेच आम्हाला ओरडायचीही. भिंतीच्या वादावरून आमच्या घराशी बोलणं टाकलेली शेजारीण आजारी पडली, तेव्हा तिला डबा आमच्याच घरून जायचा. बाबा चिडायचे. आजी म्हणायची, "भांडण भिंतीचं आहे, तिच्या पोटाचं नाही." प्रश्नावलीत आजीला जवळजवळ सगळीकडे एक गुण पडला. म्हणजे या मापाने ती देवापासून सगळ्यात लांब!

माप चुकतंय हे कळलं, पण बरोबर माप कोणतं ते मलाही सांगता येईना. म्हणून मी तिला लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' वाचायला दिलं आणि स्वतःही परत वाचलं. आजची पोस्ट या पुस्तकाबद्दल आहे. तुमचा विषय धर्म नसला तरी वाचा. जे थेट दिसत नाही ते मोजायचं कसं, हा प्रश्न सगळ्यांचाच आहे.

पुस्तक थोडक्यात

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 चा, माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचं. लहानपणीच नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. टिळक कवी, वक्ते, तापट आणि घरातून न सांगता निघून जाणारे. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायको आणि लहान मुलगा दत्तू यांची ताटातूट झाली. ताटातुटीच्या त्या वर्षांतला काही काळ लक्ष्मीबाईंनी आपल्या जिल्ह्यातल्या पंढरपुरात काढला. पुढे त्या नवऱ्याकडे परत आल्या, नगर आणि राहुरीकडे संसार पुन्हा मांडला आणि 1900 मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेतला. 1919 मध्ये टिळक वारले. लक्ष्मीबाईंनी आठवणी लिहिल्या त्या उतारवयात. पुस्तकाचा पहिला भाग 1934 साली आला, 1936 मध्ये त्या गेल्या आणि शेवटच्या भागाला त्यांचा मुलगा देवदत्त यांचा हात लागला.

शाळा-कॉलेजात आपण यातले एकदोन उतारे वाचलेले असतात, ते विनोदासाठी. पुस्तक विनोदी आहेच. पण विनोदाखाली जी नोंद चालू आहे, ती आपल्या प्रश्नासाठी महत्त्वाची.

माझं तक्ता करण्याचं खूळ

पहिल्या वाचनात मी काय केलं, तर वहीत दोन रकाने आखले. डावीकडे 'बाप्तिस्म्याआधी', उजवीकडे 'बाप्तिस्म्यानंतर'. प्रत्येक प्रसंग योग्य रकान्यात टाकायचा आणि फरक बघायचा. विज्ञानवाल्यांचा आवडता खेळ.

तक्ता टिकला नाही. सगळ्यात मोठा बदल चुकीच्या रकान्यात पडत होता. नवऱ्याकडे परत आल्यावरही लक्ष्मीबाईंचं सोवळं सुटलेलं नव्हतं. त्यांचं पाणी, त्यांचा स्वयंपाक वेगळा. मग जातपात देवाने केलेली नाही, माणसाने केली आहे, हे त्यांच्या मनाने घेतलं आणि कुणाच्याही हातचं खाणंपिणं सुरू झालं. हे बाप्तिस्म्याच्या आधी! आणि उलट, चिडणं, रुसणं, भित्रेपणा, नवऱ्याशी खटके या गोष्टी बाप्तिस्म्यानंतरही चालूच आहेत. त्या लपवण्याचा जराही प्रयत्न नाही.

इथे माझ्या प्रयोगशाळेतली एक गोष्ट सांगते. पाण्याची बाटली ज्या प्लास्टिकची असते त्याला पेट म्हणतात (आपली परीक्षा नव्हे, ते वेगळं पेट). हे प्लास्टिक वितळतं साधारण 250 ते 260 अंश सेल्सिअसला. डीएससी या यंत्रात नमुना तापवला की तिथे आलेखावर मोठा कळस दिसतो, नवशिक्यालाही चुकत नाही. पण याच बाटलीत उकळता चहा ओतला तर ती आकसते, वाकडी होते. कारण 70 ते 80 अंशांच्या आसपासच ते मऊ पडायला लागलेलं असतं. याला ग्लास ट्रान्झिशन म्हणतात. आलेखावर तिथे कळस नसतो, फक्त छोटी पायरी असते. घाई केली तर सुटून जाते. शिवाय नमुना किती वेगाने तापवला यावर ती पायरी थोडी पुढेमागे सरकते.

बाप्तिस्म्याची तारीख हा आलेखावरचा कळस आहे. ती चर्चच्या नोंदवहीत असते, चरित्रात असते. मऊ पडणं मात्र आधीच सुरू झालेलं असतं आणि ते कुठल्या नोंदवहीत सापडत नाही. ते सापडतं पाणी कुणाच्या हातचं प्यालं, ताटाला ताट लावून कोण बसलं, अशा बारीक गोष्टींत. उपमा एवढ्यापुरतीच घ्या, माणूस म्हणजे बाटली नव्हे. बाटली थंड झाली की परत कडक होते. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत सुटलेलं सोवळं परत आलेलं दिसत नाही.

धुण्यापासून मिसळण्यापर्यंत

तक्ता फाडल्यावर दुसऱ्या वाचनात मला एक धागा दिसला आणि माझ्या मते पुस्तकाचा कणा तोच आहे.

पुस्तकाची सुरुवात होते वडिलांच्या सोवळ्याने. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, 1857 च्या धामधुमीत इंग्रजांनी फाशी दिलं. त्या धक्क्यानंतर वडिलांच्या डोक्यात सोवळं असं शिरलं, की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येईना. सगळं घर त्या धुण्याखाली दबून गेलेलं. मुलांना, बायकोला त्याचा जाच. लक्ष्मीबाई हे सांगताना हसवतात, पण नीट बघा. देवाच्या जवळ राहायचं तर जगाला लांब ठेवायचं, जितकी माणसं बाहेर तितका मी शुद्ध, हीच त्या घरातली देवाशी जवळीक होती.

पुस्तकाच्या उत्तरार्धात याच मुलीचं घर बघा. दत्तक घेतलेली तारा आहे. सांभाळायला आणलेली पोरं आहेत. बालकवी ठोंबरे नगरला याच घरात राहिलेले आहेत. कोण कधी येईल, किती दिवस राहील, याचा हिशोब नाही. नगरला प्लेग आला तेव्हा लक्ष्मीबाई प्लेगच्या छावणीत रोग्यांची सेवा करायला गेल्या. सगळं जग धुऊन घरात घेणाऱ्या माणसाची मुलगी ज्यांच्याजवळ घरचेही जायला घाबरतात अशांच्या उशाशी बसली.

यात देवाचं नाव दर वाक्यात नाही. प्रार्थनेची वर्णनं फार नाहीत. साक्षात्कार तर शोधावेच लागतात. देवाजवळ गेल्याची खूण त्या आतल्या भावनेत देत नाहीत, दारात देतात. दार कुणासाठी उघडलं, एवढं आपल्याला दिसतं. बाकीचं आपण समजून घ्यायचं.

म्हणून मला वाटतं, 'स्मृतिचित्रे' ही धर्मांतराची कहाणी आहे असं जे पटकन म्हटलं जातं ते अपुरं आहे. ज्यांच्या धर्मांतरावर चरित्रं लिहावीत ते टिळक. रेल्वेत एका मिशनरीने त्यांना नवा करार दिला, तिथून पुढे वाद, अभ्यास, स्वप्नं, निर्णय. त्यांचा आलेख कळसांचा आहे. लक्ष्मीबाईंचा पायऱ्यांचा. आणि रोजच्या जगण्यातल्या श्रद्धेचा अभ्यास करायचा असेल तर पायऱ्या वाचायला शिकावं लागतं.

ही गोष्ट फक्त ख्रिस्ती धर्मातली आहे असंही नाही. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे साधे बंधू स्वयंपाकघरात काम करायचे. भांडी घासताना आणि गुडघे टेकून प्रार्थना करताना देव सारखाच जवळ असतो, ही त्यांची शिकवण म्हणून आजही लोक वाचतात. आणि आपल्या माढा तालुक्यातल्या अरणच्या सावता माळ्यांना विठोबा मळ्यातच भेटला, हे सोलापूरच्या पोराला वेगळं सांगायला नको. टिळक स्वतः तुकारामांमार्गे ख्रिस्तापर्यंत पोचल्याचं सांगत, आणि त्यांनी ओवी-अभंगाच्या वळणाची रचलेली गीतं आजही मराठी चर्चमध्ये गायली जातात. म्हणजे रोजच्या कामात देव बघण्याची सवय लक्ष्मीबाईंना परकी नव्हतीच. सवय जुनी, देवाचं नाव नवं.

आता तक्रार

पुस्तक आवडलं म्हणून सगळं गोड मानायचं नाही. दोन गोष्टी मला खटकल्या. पहिली पुस्तकातल्या घराबद्दल आहे, दुसरी पुस्तकाच्या आवाक्याबद्दल.

पहिली. टिळकांचं औदार्य प्रसिद्ध आहे. हातात पैसा टिकत नसे, घरात आणायच्या सामानाचा पैसा भलत्याच ठिकाणी जात असे, दारी आलेला माणूस परत जात नसे. 1917 मध्ये तर त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' सुरू केला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांची एकत्र बिरादरी. कल्पना मोठी आहे, मला आवडते. पण आलेल्या माणसाच्या पानात वाढायचं कुणी? पगार नसताना डब्यात पीठ कुठून आणायचं? ब्रदर लॉरेन्स स्वतः भांडी घासत होते. टिळकांच्या भक्तीची भांडी बऱ्याचदा लक्ष्मीबाई घासत होत्या.

त्या हे हसून सांगतात आणि वाचकही हसतो. मी दुसऱ्यांदा वाचताना हसले नाही. एकाची देवाशी जवळीक दुसऱ्याच्या कष्टावर उभी असेल, तर ती कुणाच्या खात्यात मांडायची? लक्ष्मीबाई तो हिशोब मागत नाहीत. तो त्यांचा मोठेपणा असेल, पण अभ्यासकाने तो हिशोब मागायलाच हवा. माझ्या आजीच्या डब्याबद्दलही मला नंतर हेच सुचलं. डबा आजी पाठवायची, पण शेवटच्या वर्षांत पोळ्या आई लाटायची, नोकरीवरून आल्यावर. आईच्या श्रद्धेबद्दल आमच्या घरात कुणी कधी बोललेलं मला आठवत नाही.

दुसरी तक्रार. लक्ष्मीबाई ब्राह्मण घरातून आल्या. त्यांच्या जगण्यातली मोठी पायरी म्हणजे कुणाच्याही हातचं पाणी घेणं. पण नगर-सोलापूर भागात अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांमध्ये आलेले बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजातले होते. त्यांच्यासाठी प्रश्न उलटा होता. मी कुणाचं पाणी घेतो यापेक्षा मला पाणी कोण देतं, विहिरीवर कोण चढू देतं, मुलांना शाळेत कोण बसवून घेतं. त्यांची पायरी सोडण्याची नव्हती, मिळवण्याची होती. स्वतःला माणूस म्हणून उभं करणं हीच त्यांच्यासाठी देवाजवळ जाण्याची रोजची वाट असू शकते. ती वाट 'स्मृतिचित्रे'त मधूनमधून दिसते, पण ती दुसऱ्याच्या नजरेतून. ज्या घरात लक्ष्मीबाई पहिल्यांदा पाणी प्यायल्या असतील, त्या घरातल्या बाईला काय वाटलं असेल, हे या पुस्तकात नाही. ही लक्ष्मीबाईंची चूक नाही, त्यांनी स्वतःचीच आठवण सांगितली. पण एका पुस्तकावरून 'मराठी ख्रिस्ती जीवन' असं शीर्षक द्यायला निघालात, तर ती तुमची चूक होईल.

पुरावा म्हणून किती विसंबायचं?

आठवणी उतारवयात लिहिल्या, घडलं ते कित्येक दशकांपूर्वीचं. बालपणीचे प्रसंग सत्तरच्या दशकातले, म्हणजे 1870 च्या. मधल्या काळात नवरा गेला, जग बदललं, लिहिणारी बाई स्वतःही बदलली. जी ख्रिस्ती झाली तीच बाई वडिलांच्या सोवळ्याकडे मागे वळून बघते आहे, हे विसरायचं नाही. धुणं आणि मिसळणं हा धागा जगण्यात होता की आठवताना विणला गेला, हे पुस्तकावरून ठरवता येत नाही.

मग विसंबायचं कशावर? माझा साधा नियम असा की सांगणाऱ्याला कमीपणा आणणारी गोष्ट अधिक भरवशाची. लक्ष्मीबाई स्वतःची फजिती, भीती, हट्ट, अडाणीपणा भरभरून सांगतात. स्वतःला संत ठरवायला बसलेला माणूस असं लिहीत नाही. पण इथेही सावध राहा. विनोद हासुद्धा झाकण असू शकतो. नवऱ्यावरचा राग हसून सांगितला की तो राग उरत नाही, निदान कागदावर.

प्रश्नावलीचं काय झालं

धर्माच्या अभ्यासात हा वाद जुना आहे. विल्यम जेम्स यांच्या 1902 च्या ग्रंथात भर आहे तो एकेकट्या माणसाच्या तीव्र अनुभवांवर, म्हणजे कळसांवर. गेल्या काही दशकांत 'लिव्ह्ड रिलिजन' म्हणजे जगलेला धर्म या नावाने वेगळा प्रवाह आला. मेरेडिथ मॅग्वायर यांचं 2008 चं पुस्तक त्यातलं. लोक स्वयंपाक, आजारपण, बागकाम, सण यांतून धर्म कसा जगतात, हे तिथे बघतात. ज्युनिअरला मी हे दोन्ही टोकं वाचायला सांगितली, म्हणजे आरएसीत कुणी विचारलं तर उत्तर हवं.

प्रश्नावली तिने फेकली नाही, आणि फेकूही नये. उपासनेला जाणं हीसुद्धा खरी गोष्ट आहे. पण ते एक माप आहे, सगळं माप नाही. तिने बेरीज काढून टाकली आणि मुलाखतीचे काही प्रश्न घातले. तिच्या परवानगीने इथे देते, कारण तुम्हालाही तुमच्या विषयात असे प्रश्न बनवता येतील:

1. गेल्या वर्षभरात तुमच्या घरी कोण जेवलं, जे पूर्वी जेवलं नसतं?
2. कुणाशी बंद पडलेलं बोलणं तुम्ही सुरू केलंत? कुणाशी जमलं नाही?
3. देवासाठी म्हणून घरात जे केलं जातं, त्याचं काम प्रत्यक्षात कोण करतं?
4. चर्चला जाणं बंद पडलं तर तुमच्या श्रद्धेतलं काय उरेल?

तिसरा प्रश्न 'स्मृतिचित्रे'तून आला, चौथा माझ्या आजीकडून. पहिल्या प्रश्नात अजून एक भोक आहे आणि ते तिलाच दिसलं. ज्यांच्या घरी जेवायला लोक नाकारत आले, त्यांना हा प्रश्न उलटा विचारावा लागेल: तुमच्याकडे कोण जेवायला आलं, आणि तुम्हाला कुणी बोलावलं? हे तिने स्वतः शोधलं, म्हणजे पुस्तक कामाला आलं.

या प्रश्नांनी देवाशी जवळीक मोजली जाईल का? नाही. देवाच्या बाजूचं अंतर कुठल्याच यंत्रात येत नाही आणि त्याबद्दल शोधनिबंधात गप्प बसणं बरं. पण माणसाच्या बाजूने उचललेलं पाऊल दिसतं, त्याची नोंद होते. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये एवढंच वाक्य घाला की आम्ही पावलं बघतो आहोत, मुक्काम नाही. गाईडना पटेल. नाही पटलं तर निदान भांडायला योग्य मुद्दा मिळेल.

पुस्तक वाचायचं तर पूर्ण वाचा, शालेय उताऱ्यावर थांबू नका. आणि वहीत दोन रकाने आखायचेच असतील तर पेन्सिलीने आखा, खोडता येतील.

मी ही पोस्ट आधी आईला वाचून दाखवली. पोळ्यांचं वाक्य आल्यावर ती म्हणाली, "हे काय लिहायची गोष्ट आहे?" मग थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून तिने विचारलं, "त्या लक्ष्मीबाईंचं पुस्तक तुझ्याकडे आहे का अजून, की वाचनालयात देऊन टाकलंस?" पुस्तक सध्या तिच्याकडे आहे.